बाबांची स्टिक, माझी स्टिक

होळी झाली की नागपुरातल्या महाल भागात, आमच्या गल्लीत घरोघरचे कूलर बाहेर निघतात. कोणी पत्र्याला रंग मारतं, कोणी पंपाची जाळी ब्रशने घासतं, क्षाराने दगड झालेल्या गेल्या वर्षीच्या ताट्या उपसून नव्या बसवल्या जातात. आमचा कूलर मी शाळेत असताना घेतलेला. मोटर दोनदा भरून आणली, पंप किती बदलले त्याला गणती नाही, टाकी गळायला लागली तेव्हा बुडाला नवा पत्रा मारून घेतला. दर मार्चला आई त्याच्यासमोर उभी राहून एकच प्रश्न विचारते, “यंदा काय काय बदलावं लागते?” कूलरच बदलायचा का, हे तिने कधी विचारलेलं नाही.

२०२५ च्या एप्रिलात तोच प्रश्न मी माझ्या कॉम्प्युटरला विचारला.

मी डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईसाठी पानं जुळवायचं काम करते. लग्नपत्रिका, शोधप्रबंध, संस्थांच्या स्मरणिका, अधूनमधून एखादं पुस्तक. बाहेरच्या खोलीत रस्त्याकडच्या भिंतीशी माझं टेबल आहे आणि त्याच्या खाली हा कॉम्प्युटर. २०१३ च्या फेब्रुवारीत बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, सुटे भाग घेऊन जुळवून आणला होता: इंटेलचा पेन्टियम जी२०२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती पाटी), ४ जीबी रॅमची एक स्टिक. रॅमचे स्लॉट दोन, त्यातला एक रिकामा. “पुढं लागली तर टाकू,” असं तेव्हा ठरलं आणि ते पुढं बारा वर्षं आलंच नाही. मध्ये एकदा हार्ड डिस्क बंद पडली, तिच्या जागी एसएसडी आली, एवढीच काय ती डागडुजी. आमच्याकडे सगळे त्या अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात, दुकानदारसुद्धा. खरा सीपीयू आत असतो, पावणेचार सेंटिमीटरचा एक चौकोन, तीन बोटांच्या चिमटीत मावणारा.

मार्चअखेर एक निवृत्त शिक्षक घरी आले. मी त्यांना सरच म्हणते. त्यांच्या आई भंडाऱ्याकडच्या, धानाच्या गावातल्या. आईने सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या सरांनी वहीत उतरवून घेतल्या होत्या आणि २००५ साली त्यांचं ३१२ पानांचं पुस्तक काढलं होतं. अक्षरजुळणी माझी होती. माझं ते पहिलं पुस्तक. बाबा तेव्हा होते, प्रुफं त्यांनीच वाचली. आता सरांच्या नातवंडांना ते पुस्तक फोनवर वाचायला हवं होतं आणि शंभर प्रती कागदावरही हव्या होत्या.

“फाइल असेलच ना तुझ्याकडे?” सरांनी विचारलं.

फाइल होती. मी कुठलंच काम पुसत नाही. सीडीवरून हार्ड डिस्कवर, तिथून एसएसडीवर, अशी ती वीस वर्षं माझ्याबरोबर बिऱ्हाड हलवत आली होती. अडचण ती उघडण्याची होती.

हे जरा नीट सांगते, कारण आमच्या धंद्याबाहेर याची फारशी कल्पना नसते. आज आपण फोनवर मराठी लिहितो ती युनिकोडमध्ये. तिथे ‘क’ला जगभर एकच क्रमांक आहे, कुठल्याही यंत्रावर उघडा, तो ‘क’च राहतो. २००५ मध्ये छपाईच्या कामात आम्ही वापरायचो ते फॉन्ट तसे नव्हते. त्यांत रोमन अक्षरांच्या घरांमध्येच मराठी अक्षरं बसवलेली असायची. घरं मोजकी आणि आपल्या जोडाक्षरांचा पसारा मोठा, म्हणून अर्धा क वेगळा, त्याची काठी वेगळी, उकार, रफार वेगळे, असे तुकडे करून ते शेजारी शेजारी लावायचे. कागदावर सुरेख दिसायचं. पण तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली की समोर रोमन अक्षरांचा आणि डोक्यावर टिंबं-टोप्या घातलेल्या चिन्हांचा नुसता सडा.

शिवाय क्रम उलटा. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क, कारण डोळ्यांना तसंच दिसतं. युनिकोडमध्ये आधी क साठवला जातो, वेलांटी त्याच्यामागून, फक्त दाखवताना ती पुढे येते. रफाराचं बरोबर उलट: ‘सूर्य’मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये य नंतर, युनिकोडमध्ये य च्या आधी. म्हणजे अक्षरामागे अक्षर बदलत गेलं की काम झालं, असं नाही. ३१२ पानांतली प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी आणि प्रत्येक रफार उचलून दुसऱ्या जागी ठेवावा लागतो. त्यासाठी छोटे प्रोग्रॅम आहेत, ते हे करतात. पण त्याआधी मूळ फाइल मूळ प्रोग्रॅममध्ये मूळ फॉन्टसकट उघडून शेजारी ठेवावी लागते, नाहीतर ताडून कशाशी पाहणार?

मूळ प्रोग्रॅम म्हणजे पेजमेकर. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची. त्याच्याबरोबरच्या माझ्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर तर १६-बिटचा, म्हणजे फार जुन्या पिढीचा, आणि ६४-बिटचं विंडोज १६-बिटचे प्रोग्रॅम चालवतच नाही. म्हणूनच मी इतकी वर्षं मधल्या पिढीच्या, ३२-बिटच्या विंडोजला धरून होते. इकडे छापखान्याला हवी होती युनिकोडमधली, नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेली फाइल. ते नवं सॉफ्टवेअर ६४-बिटशिवाय चढत नाही आणि ८ जीबीखाली बोलत नाही. एक पाय जुन्या घरात, एक नव्या घरात, अशी अवस्था.

यावर उपाय आहे. व्हर्च्युअलबॉक्ससारखं सॉफ्टवेअर घेतलं की एका यंत्राच्या पोटात दुसरं यंत्र चालवता येतं. बाहेर ६४-बिटचं विंडोज, त्याच्या एका खिडकीत जुनं ३२-बिटचं विंडोज, त्यात पेजमेकर, पेजमेकरमध्ये ओव्या. मी एसएसडीवर वेगळा भाग पाडून ते करून पाहिलं. सकाळी साडेदहाला आतलं यंत्र सुरू केलं. पाऊण तासाने पेजमेकरचं पहिलं चित्र दिसलं. माउस हलवला की बाण तिसऱ्या सेकंदाला हलायचा. टास्क मॅनेजर उघडला, तर मेमरी ९७ टक्के, डिस्क १०० टक्के, प्रोसेसर १०० टक्के.

पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, वाढला मात्र इथेच. म्हणाला, “मावशी, बारा वर्षं झाली त्याला. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हण आणि नवा घे.”

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, शंभराहून जास्त वर्षांची प्रथा आहे, इतवारी-महालातले रस्ते माणसांनी फुलून जातात. ईडा-पीडा, रोगराई, जे जे नको ते सगळं तिच्यासोबत गावाबाहेर जावं म्हणून लोक ओरडतात, “घेऊन जा गे मारबत!” लहानपणी मी बाबांच्या खांद्यावर बसून ओरडले आहे. भाच्याचं म्हणणं चूक नव्हतं. नव्या यंत्राचा भाव चाळीस हजारांच्या पुढे सांगत होते आणि त्यात माझं काम नक्की झालं असतं. पण मारबतीबरोबर काय पाठवायचं ते आधी पारखून घ्यावं लागतं. यंत्र हळू चालतं म्हणजे त्यातलं नेमकं काय हळू आहे, हे मला कळायला हवं होतं.

मला ते कळलं बाबांमुळे. बाबा इथल्याच एका छापखान्यात जुळारी होते, खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईच्या काळातले. डाव्या हातात ओळी जुळवायची लोखंडी स्टिक, उजव्या हाताने समोरच्या खणांच्या पेटीतून, केसमधून, एकेक खिळा उचलून तिच्यात लावत जायचं. हाताला घरं पाठ असत, नजर मजकुरावर. मी शाळा सुटल्यावर डबा घेऊन जायची आणि तो टक-टक आवाज ऐकत बसायची. स्टिकमध्ये चार-सहा ओळीच मावत. भरली की उठायचं, ओळी अलगद गॅलीत, म्हणजे जुळलेल्या ओळींच्या तबकात, सरकवायच्या, परत येऊन पुढे सुरू. बाबा म्हणायचे, हात कितीही चालो, स्टिक लहान असली की निम्मा दिवस उठबशीत जातो.

बर्डीच्या दुकानात रॅमच्या पट्टीलाही स्टिकच म्हणतात. प्रोसेसर म्हणजे जुळाऱ्याचा हात, रॅम म्हणजे हातातली स्टिक, डिस्क म्हणजे पलीकडची गॅली. माझ्या यंत्रात हेच चाललं होतं. रॅम भरली की विंडोज त्यातला थोडा मजकूर डिस्कवर नेऊन ठेवतं, तोच लागला की परत आणतं आणि त्याच्यासाठी दुसरा काही बाहेर काढतं. डिस्कचे १०० टक्के हे कामाचे नव्हते, उठबशीचे होते. ३२-बिटच्या विंडोजवर तर स्टिक मोठी करूनही उपयोग झाला नसता: ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते मावतात, म्हणजे ४ जीबी, आणि त्यातलेही काही ग्राफिक्ससारख्या भागांसाठी राखावे लागतात. तेव्हा आधी ६४-बिट, मग मोठी स्टिक, हा क्रम ठरला.

आणि हात? जी२०२० मध्ये दोन कोअर, म्हणजे स्वतंत्र काम करणारे दोन हात. एक आतल्या यंत्राला दिला तर बाहेरच्याला एकच उरतो, दोघंही रखडतात. चार कोअर हवे होते.

इथे सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, पाहावं लागतं. माझ्या बोर्डावरचं सॉकेट एलजीए ११५५, हा आकडा म्हणजे सॉकेटातल्या पिनांची संख्या. यात इंटेलच्या दोन पिढ्या बसतात, २०११ ची सँडी ब्रिज आणि २०१२ ची आयव्ही ब्रिज. २०१३ मध्ये हॅसवेल आली तेव्हा सॉकेट बदलून ११५० झालं, त्यामुळे त्यापुढचं काहीही माझ्या बोर्डावर बसणार नाही. माझा जुना पेन्टियमही आयव्ही ब्रिजचाच, म्हणजे बायोसला (यंत्र चालू होताना आधी जागं होणाऱ्या बोर्डावरच्या सॉफ्टवेअरला) ती पिढी आधीपासून ओळखीची होती. सँडी ब्रिजवरून वर चढणाऱ्यांना आधी बायोस अपडेट करावं लागतं, ती भानगड माझ्यामागे नव्हती. एच६१ वर रॅम जास्तीत जास्त १६ जीबी, दोन स्लॉटांत ८-८.

शनिवारी बर्डीवर गेले. दुसऱ्या मजल्यावर जुन्या भागांचं एक दुकान आहे, दार अर्धं खोक्यांनीच भरलेलं. ऑफिसांतून एकगठ्ठा निघालेली यंत्रं तिथे येतात, उघडली जातात, चांगले भाग वेगळे होतात. दुकानदाराने माझं नाव-गाव न विचारता पहिला प्रश्न केला, “ताई, बोर्ड कोणतं आहे ते सांगा आधी. लोक रॅम घेऊन जाते आणि मग म्हणते, बसून नाही राहिली.”

मी बोर्डाचा फोटो दाखवला. तो खूश झाला. माझ्या बोर्डाला लागते त्या डीडीआर३ जातीच्या स्टिकला २४० पिना असतात आणि ती १.५ व्होल्टवर चालते. तिच्या पुढच्या डीडीआर४ ला २८८, व्होल्टेज १.२. मधली खाच दोघींची वेगळ्या जागी, म्हणजे एकीच्या स्लॉटात दुसरी बसतच नाही. लोक तरी दाबून पाहतात, असं तो सांगत होता. बोलता बोलता त्याने डब्यातून ८ जीबीची एक स्टिक काढली, उलटून स्टिकर वाचलं आणि परत आत टाकली. “हे नाही चालत तुमच्या बोर्डाले. एएमडीवालीच आहे.” मला हे माहीत नव्हतं. डीडीआर३ मध्ये ८ जीबीच्या अशाही स्वस्त स्टिक मिळतात ज्या फक्त एएमडीच्या, म्हणजे इंटेलच्या स्पर्धक कंपनीच्या, प्रोसेसरांच्या बोर्डांवर चालतात, दिसायला इतरांसारख्याच. त्याने तेव्हा ती मला दिली असती तर मी घरी येऊन बोर्डालाच दोष दिला असता.

प्रोसेसरमध्ये त्याने दोन पुढे ठेवले, आय५-३४७० आणि आय७-३७७०. दोघांनाही चार कोअर, दोघंही ७७ वॉटचे. आय७ मध्ये हायपरथ्रेडिंग आहे, म्हणजे प्रत्येक कोअर एकावेळी दोन कामांचे धागे हाताळतो. व्हिडिओचं काम असतं तर मी तोच घेतला असता. पानं जुळवणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही आणि भाव जवळजवळ दुप्पट होता. आय५ घेतला, १,७०० रुपये. दोन स्टिक मिळून २,२००. पेन्टियमसोबतचा ॲल्युमिनियमचा चपटा हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा भाग, इथल्या उन्हाळ्यात पुरणार नाही म्हणून तांब्याच्या गाभ्याचा घेतला, ४५०. त्या दोघांमध्ये लावायच्या पेस्टची नळी १२०. एकूण ४,४७०. त्याने सगळं आपल्या टेबलावरच्या उघड्या बोर्डावर लावून, चालू करून दाखवलं. प्रोसेसर जुना म्हणून घाबरायचं कारण फारसं नसतं. त्यात हलणारं काही नाही. आधी पंखा जातो, वीज पुरवणारा एसएमपीएस जातो, बोर्डावरचे कपॅसिटर फुगतात, प्रोसेसर बहुधा त्या सगळ्यांच्या मागे उरतो. त्या पावणेचार सेंटिमीटरच्या आत शंभर कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे अतिसूक्ष्म स्विच, आहेत. १९७१ च्या पहिल्या इंटेल ४००४ मध्ये २,३०० होते. आणि तो १,७०० रुपयांत माझ्या पर्समध्ये, वर्तमानपत्राच्या घडीत.

काम रात्री दहानंतर काढलं. दिवसा शक्यच नव्हतं, पारा ४४ च्या घरात होता. एप्रिलातली इथली हवा इतकी कोरडी असते की सिंथेटिक साडी अंगावरून काढताना चटचट वाजते. तोच स्थिर विजेचा चटका रॅमला लागला तर आपल्याला कळतही नाही आणि ती मेलेली असते. म्हणून सुती कपडे घातले, आधी तासभर कूलर चालवून खोलीतली हवा ओलसर केली आणि मग बंद केला. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला दर दोन मिनिटांनी हात लावत राहिले.

झाकण काढल्यावर आधी धूळच दिसली. कूलरच्या ओलसर हवेत बारा वर्षं धूळ बसत गेली की तिची भुकटी राहत नाही, नमदा होतो. हीटसिंकच्या पात्यांमध्ये तो असा बसला होता की वारा जायला फट नव्हती. बिचारा पंखा नुसता फिरत होता. ब्रशने आणि फुंकणीने ते साफ करायलाच अर्धा तास गेला. हीटसिंकचे चार पाय फिरवून सोडवले, उचलला. खालची पेस्ट वाळून भिंतीवरच्या चुन्यासारखी झाली होती, नखाने खरवडली की पापुद्रे निघत. स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्यावर आतला धातू आरशासारखा लखलखला आणि त्यावर कोरलेली अक्षरं वर आली. मी ती याआधी फक्त २०१३ मध्ये, दुकानात, एकदा पाहिली होती.

सॉकेटच्या बाजूची तार दाबून बाहेर ओढली, चौकट वर उघडली आणि पेन्टियम कडांनी धरून सरळ वर उचलला. खाली ११५५ पिना. टॉर्च आडवा धरला. सोनेरी, केसाएवढ्या, सगळ्या एकाच बाजूला किंचित कललेल्या. त्या आठवड्यात माझ्या डोक्यात सरांच्या आईच्या ओव्याच होत्या, आणि मला दिसले ते धानाचे पऱ्हे. रोवणीच्या आधी वाफ्यात दाट उगवलेले, वाऱ्याने एका दिशेला झुकलेले. यातली एक पीन वाकली तर बोर्ड गेलं. मी श्वाससुद्धा तोंड वळवून घेतला. नव्या प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी लावला, दोन्ही कडांच्या खाचा जुळवल्या आणि वरून सोडून दिला. दाबायचं नसतं. बरोबर असला की आपल्या वजनाने बसतो. तार परत खाली आणताना मात्र जोर लागतो आणि कर्र असा आवाज होतो, तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं काळीज हलवतो. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, मधोमध. मग दोन्ही स्टिक, दोन्ही बाजूंनी खटका वाजेपर्यंत.

चालू केलं तर पडदा काळा आणि आतून बीप, बीप. आई आतून म्हणाली, “काय झालं गं?” काही नाही, म्हटलं. रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर फिरवला, झटकली, पुन्हा बसवली. पडदा उजळला. बायोसमध्ये १६३८४ एमबी असा आकडा आला. तो मी उगाच दोनदा वाचला.

खरी चूक पुढे कळली. अर्ध्या तासाने तापमान पाहिलं तर थोडंसं काम दिलं की शंभरीला टेकत होतं. एवढं तापलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो, म्हणजे नवा घेऊन पुन्हा तेच. नागपुरात हे गणित तसंही कडक आहे: खोलीत ३८ अंश असतील तर हीटसिंक त्याच्याखाली कधीच जाऊ शकत नाही, पुण्यातल्या २८ अंशांच्या खोलीपेक्षा इथे दहा अंश आधीच खर्ची पडलेले असतात. पण शंभर हे उन्हाळ्याचं काम नव्हतं. हीटसिंकचे चार पाय बोर्डाच्या भोकांतून आरपार जाऊन चारदा ‘टक्’ वाजायला हवेत. मी तीन ऐकले होते, चौथा ऐकल्यासारखा वाटला होता. बोर्ड बाहेर काढून उलटं केलं, तर खरंच चौथ्या पायाची नांगी भोकात अडकलेली, पलीकडे आलेलीच नाही. पुन्हा पुसलं, पुन्हा पेस्ट लावली, अंगठ्याने चौथा पाय दाबला. टक्. नंतर भर कामात ७० च्या वर गेलं नाही.

रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवला. जुनी रॅम घेतली की हे केलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. बिघडलेली रॅम यंत्र बंद पाडत नाही, ती गुपचूप एखादं अक्षर बदलते, आणि अक्षर बदलणं म्हणजे आमच्या धंद्यात काय ते वेगळं सांगायला नको. पहाटे आई पाणी प्यायला उठली, तिला पडद्यावर आकडे धावताना दिसले. सकाळी चूक शून्य.

बाकीचं भराभर झालं. ६४-बिटचं विंडोज १०, त्यात व्हर्च्युअलबॉक्स, आतल्या यंत्राला दोन कोअर आणि २ जीबी, त्यात जुनं विंडोज, पेजमेकर, फॉन्ट, फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं यूएसबीवरचं लॉक. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला विंडोज १० ला सुरक्षेचे नेहमीचे अपडेट मिळायची मुदत संपली. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, त्या यादीत माझा आय५ नाही. म्हणून आता या यंत्राला इंटरनेटची तार लावत नाही. गिऱ्हाइकाचा मजकूर फोनवर येतो, तिथून पेन ड्राइव्हवर, तो तपासून मग इथे. कामाला त्याची काही अडचण होत नाही.

त्या सकाळी ओव्यांची फाइल उघडायला वीसेक सेकंद लागले. पीडीएफ करायला जुन्या यंत्रावर अकरा मिनिटं लागायची, आता तीन मिनिटांच्या आत होते. पण मी घड्याळ बाजूला ठेवून पानं पाहत बसले. वीस वर्षांपूर्वीची माझी जुळणी, ओळींमधलं जरा जास्तच अंतर, प्रत्येक ओवीखाली फुलाची खूण. शेवटच्या पानावर माझं नाव आणि त्याच्याखाली ‘मुद्रितशोधन’ म्हणून बाबांचं.

रूपांतराचा प्रोग्रॅम चालवला. वेलांट्या हलल्या, रफार हलले, ३१२ पानं युनिकोडमध्ये आली. मी सरांना बोलावलं. ते चष्मा पुसून बसले, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि तिसऱ्यावर थांबले.

“हे काय आहे? पर्-हे?”

मी पाहिलं. ‘पऱ्हे’च्या जागी ‘पर्हे’ झालं होतं. खाली ‘वार्यावर’. त्याच्या खाली ‘सुपार्या’. जुन्या फॉन्टमध्ये आपल्या मराठीच्या त्या अर्धचंद्रासारख्या र ला स्वतंत्र घर होतं. युनिकोडमध्ये तो टिंबवाल्या ऱ ला हलन्त जोडून तयार होतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला बहुधा हिंदी माहीत होती, मराठी नाही, त्याने सगळे र एकाच टोपलीत टाकले होते. आणि सरसकट बदलताही येत नव्हतं, कारण सूर्य, धैर्य, आचार्य यांतला रफार बरोबरच आहे. आचार्यांना दक्षिणा द्यायची की आचाऱ्यांना, दर्या ओलांडायचा की दऱ्या, हे प्रोग्रॅमला कसं कळावं? शब्द वाचूनच ठरवावं लागतं.

जागा मोजल्या, चारशेच्या वर निघाल्या. सर म्हणाले, मी येतो. दोन दिवस दुपारी ते छापील जुनं पुस्तक मांडीवर घेऊन बसले, मी डावीकडच्या खिडकीत पेजमेकरचं पान आणि उजवीकडे नवं पान उघडून. कूलर चालू, आईने दिलेलं पन्हं टेबलाच्या कडेला. ते ओवी मोठ्याने वाचत, शब्द आला की बोट ठेवत. मी तिथे जाऊन र काढायची, ऱ घालायची. दोन्ही खिडक्या एकदम सरकत होत्या.

“पऱ्हे,” सर म्हणाले.

मी बदललं. त्यांनी पडद्याजवळ वाकून पाहिलं.

“हां. आता आई म्हणायची तसं झालं. पुढचं?”